पिवळी केबल

कायानीत दुपारी अडीचलाच दिवे लागतात.
अंगणात गाडीच्या नाकात खुपसलेली
हीटरची वायर बर्फात ताठ पडलेली असते.
ती ओलांडायची, बूट काढायचे,
कॉफी ठेवायची
आणि मग माझा कारखाना उघडायचा.

चौकोनी ठोकळ्यांचा आहे, म्हणून हसू नका.
खाणीतला धोंडा आधी चक्कीत जातो,
चक्कीतली भुकटी धुऊन भट्टीत,
भट्टीतून वीट निघते ती थेट आपल्या पेटीत.
लोखंड लोखंडात, तांबं तांब्यात,
आणि कशातच न बसणारं सगळं शेवटच्या पेटीत.
ती एक पेटी ठेवावीच लागते,
नाहीतर कोंबडीच्या एका पिसापायी
अख्खी लाइन तुंबते.
हे मी एका नाताळात शिकले, रात्रभर.

पाइप सगळे फरशीखाली.
वीज भिंतीआड: निळी मशीनना, लाल बॅटऱ्यांना.
वर नुसती लाकडी जमीन
आणि तळव्यांना जाणवेल न जाणवेल
अशी गुरगुर.

तूरेचं तसं नव्हतं.
माझा भाऊ बांधायचा म्हणजे फेकायचा.
जिन्यातून पाइप, छतातून पाइप,
एक भट्टी तर त्याने ऐन दारात बसवली होती,
तिच्यावरून उडी मारून आत जायचा.
"चालतंय ना?" एवढंच त्याचं शास्त्र.
मी कटकट केली की म्हणायचा,
हेल्का, तू मशीन लावत नाहीस,
तू कपाट लावतेस.

आता तो कालायोकीला पवनचक्क्यांवर चढतो.
खऱ्या केबली, जाड हातमोजे, नव्वद मीटर उंची.
सर्व्हरच्या यादीत त्याच्या नावापुढे
शेवटची हजेरी: दोनशे चौदा दिवसांपूर्वी.
फोनवर आम्ही वाऱ्याबद्दल बोलतो.
किती होता, कुठून होता.

म्हणून या रविवारी त्याचा कोपरा आवरायला घेतला.
दारातली भट्टी कधीच हलली होती, कुठे ते ठाऊक नाही.
बाकीचा गुंता तीन तासांत सुटला.
उरली ती पिवळी केबल,
हॉलच्या बरोबर मधून, तिरकी,
दोन वर्षं माझ्या डोळ्यांत खुपणारी.
पलीकडच्या भिंतीत शिरायची, बस.
पुढे कुठे जाते, कधी पाहिलंच नव्हतं.

तोडली.

काही झालं नाही.
दिवा विझला नाही, चक्की थांबली नाही,
उलट पाच युनिट वीज वाचली.
जमीन कशी आरशासारखी.
मी दिवे मालवून झोपले, खऱ्या घरातले.

सोमवारी खाणीत खोल उतरले,
वर आले तेव्हा भुकेची पट्टी तळाला टेकलेली.
पलंगाशेजारची पेटी उघडली.
पाव नाही.

पाव असायचाच तिथे.
विहिरीत पाणी असतं तसा असायचा,
आणि कुठून येतो
हे मी, पाइप पाइप मोजणारी मी,
कधी विचारलं नव्हतं.

कुदळीने भिंत फोडली.
आत दीड माणूस मावेल एवढी जागा,
गव्हाचे नऊ चौकोन, कापणीचं एक यंत्र,
आणि ती, दारातली भट्टी.
पाइप तीनदा उगाच वळलेला,
एका ठिकाणी चक्क उलटा जोडून
मग पुन्हा सुलटा केलेला,
आणि त्याचं दुसरं टोक माझ्या पेटीच्या पाठीत.
वर पाटी, त्याच्या नेहमीच्या चुकांसकट:
हात लाऊ नको. हेल्का जेवायला विसरते.

गहू अंधारात अर्धा पिकून उभा होता.

केबल परत टाकली.
हो, फरशीखालूनच टाकली,
स्वभावाला औषध नाही.
पण ती वळते तिथे लाकूड काढून
एक काच बसवली, एकच ब्लॉक.

मग त्याला फोन लावला.
वाऱ्याचं विचारलं नाही.
म्हटलं, जेवलास का?
पलीकडे खूप वेळ नुसता वाराच.
मग म्हणाला,
अजून वरच आहे गं,
उतरलो की.